ॲक्सोलॉटलच्या पिलांचे संगोपन



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत अर्थकारण यावे, संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, हे रीतीला धरून आहे. त्या पंक्तीत एका परक्या देशातल्या वीतभर जलचराने, आणि त्यातही त्याच्या नखाएवढ्या पिलांनी येऊन बसावे, हे जरा धारिष्ट्याचेच. येथे येताना वाटेत एका स्नेह्यांनी आम्हांला विचारलेच, "अहो, हा प्राणी आपल्या नदीत नाही, ओढ्यात नाही. त्याच्या पिलांना काय भरवावे हे ऐकून आम्ही काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की उत्तर शेवटी देऊ; तोवर उठून जाऊ नका. तीच विनंती आपणां सर्वांना.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देतो. बेडूक आपल्या सर्वांच्या परिचयाचा. त्याचे पोर पावसाळ्यात डबक्यात शेपटी हलवीत पोहते, त्याला आपण बेडूकमासा म्हणतो. ते कल्ल्यांनी श्वास घेते. पुढे त्याला पाय फुटतात, शेपटी जिरते, कल्ले जाऊन फुप्फुसे येतात, आणि ते जमिनीवर उडी मारते. बेडकाच्या या उभयचर वर्गातच शेपटी कायम ठेवणाऱ्यांचा एक गट आहे. त्यांना सॅलमँडर म्हणतात. दिसायला ते पालीसारखे, पण अंगावर खवले नाहीत; कातडी ओली आणि मऊ. आपल्या देशात या गटातले प्राणी पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत तेवढे आढळतात. ॲक्सोलॉटल हा याच गटातला, मेक्सिकोचा रहिवासी. त्याची गंमत अशी, की तो वीतभर लांब होतो, वयात येतो, त्याला पिले होतात, तरी तो आपले लहानपण सोडीत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन पिसांसारखे कल्ले जन्मभर तसेच राहतात आणि तोही जन्मभर पाण्यातच राहतो. बेडूकमाशानेच संसार थाटावा आणि नातवंडे पाहावीत, असा हा प्रकार आहे.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या परातीसारख्या खोऱ्यात वसले आहे. एके काळी त्या खोऱ्यात पाच तळी होती. त्यांपैकी दक्षिणेकडची शोचिमिल्को आणि चाल्को ही गोड्या पाण्याची तळी म्हणजे ॲक्सोलॉटलचे माहेर. तेथल्या नाहुआ लोकांच्या पुराणात शोलोत्ल नावाचा एक देव आहे. सूर्याला गती मिळावी म्हणून सर्व देवांनी आपला बळी द्यावा असे ठरले, तेव्हा हा देव पळाला. मक्याच्या ताटात लपला, तेथे सापडला. घायपातात लपला, तेथेही सापडला. अखेर पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल झाला, आणि तेथे त्याला पकडले. पाणी हा त्याचा शेवटचा आसरा. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

युरोपच्या विद्वानांना या प्राण्याने बराच काळ बुचकळ्यात पाडले. हंबोल्टने मेक्सिकोहून नेलेले नमुने पाहून कूव्हिए या थोर शास्त्रज्ञाला वाटले, की हे कोणा अज्ञात सॅलमँडरचे पोर असावे. मग १८६३ साली मेक्सिकोहून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले सहा, म्हणजे पाच नर आणि एक मादी, १८६४ च्या जानेवारीत ओग्यूस्त द्यूमेरील या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले. १८६५ मध्ये त्या मादीने अंडी घातली. म्हणजे ज्याला पोर समजत होते ते आईबाप निघाले! आणि नवल असे, की त्यांच्या पिलांपैकी काहींचे कल्ले गळून ती जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी झाली. शरीरातील थायरॉइड ग्रंथीच्या रसाशी या रूपांतराचा संबंध आहे, हे विसाव्या शतकात उलगडले. द्यूमेरीलने आपल्याकडची पिले युरोपभर वाटली. आज जगातल्या प्रयोगशाळांतून आणि हौशी लोकांच्या काचपेट्यांतून जे ॲक्सोलॉटल आहेत, त्यांचा बराचसा वंश त्या सहांपर्यंत जाऊन पोहोचतो. एका मादीचे एवढे गोत वाढले, याचा अर्थ कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ती पिले नीट जगवली. ती कशी जगवायची, हाच आजचा विषय.

आम्हांला या प्राण्याचा सहवास घडला तो एका थंड देशातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. शिक्षणासाठी गेलो होतो, आणि नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जे काम येते ते आले, म्हणजे पिले सांभाळण्याचे. एका मादीची सुमारे ३०० अंडी आमच्या स्वाधीन झाली. मादी एकेक अंडे पाणवनस्पतीला चिकटवीत जाते आणि एक-दोन दिवसांत काही शे अंडी घालते. क्वचित हजाराच्या वरही. अंड्याभोवती काचेसारखा पारदर्शक चिकट थर असतो. साबुदाण्याचा शिजलेला दाणा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. मधल्या ठिपक्याचा हळूहळू स्वल्पविराम होतो, स्वल्पविरामाला डोके व शेपूट येते, आणि पुढे तो आत वळवळताना दिसतो. पाण्याच्या उष्णतेप्रमाणे दोन ते तीन आठवडे लागतात. या काळात काम एवढेच, की जे अंडे पांढरे पडले, ज्यावर कापसासारखी बुरशी आली, ते तत्काळ काढून टाकायचे. नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यावर जाते.

अठराव्या दिवशी पहिली पिले बाहेर पडली. सेंटिमीटरभर लांब, पाय मुळीच नाहीत, डोळ्यांचे दोन काळे टिपके आणि मागे पारदर्शक शेपूट. बाहेर पडली ती तळाशी निपचित पडून राहिली. बोट जवळ नेले की विजेसारखी चमकून पळत, पुन्हा पडून राहत. आम्हांला वाटले, बिचारी भुकेने गळाली. आपल्या घरी पाहुणा येऊन टेकला नाही तोच आपण ताट वाढतो. त्याच संस्काराने आम्ही त्याच संध्याकाळी भांड्यात भरपूर खाद्य सोडले. सकाळी पाहतो तो पाणी गढूळ. पिले अजून भुकेलीच असतील म्हणून आणखी खाद्य सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या तळाशी पांढऱ्या धाग्यांसारखी मेलेली पिले पडली होती. मोजून काढली. ३०० पैकी ८० च्या आसपास उरली.

तेथल्या प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एक प्रौढ बाई होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एक जिवंत पिलू भिंगाखाली धरून आम्हांला त्याचे पोट दाखवले. पोटात पिवळसर बलक भरलेला होता. आईने अंड्यातच शिदोरी बांधून दिली होती! पहिले दोन-तीन दिवस पिलू त्या शिदोरीवर राहते. त्याला बाहेरचे काही नको असते, किंबहुना खाताही येत नाही. आमच्या उतावळ्या मायेने टाकलेले खाद्य तसेच मेले, कुजले, आणि त्याचे विष पाण्यात उतरले. पिलांना आम्ही उपाशी मारले नव्हते. वाढून मारले होते. तेव्हापासून आम्ही या कामाचा पहिला नियम असा समजतो, की पिलाला आपण काय देऊ शकतो हे पाहण्याआधी, त्याला या घडीला काय घेता येते ते पाहावे.

शिदोरी संपली की मात्र आळस चालत नाही. पिलाला आता जिवंत खाणे हवे, आणि तेही हलणारे. त्याच्या दृष्टीने जे हलते ते अन्न, जे हलत नाही ते नाहीच. बाजारात मिळणारी माशांची भुकटी त्याच्या तोंडापुढे ढीगभर टाकली तरी ते तिच्या शेजारी उपाशी मरेल. म्हणून आर्टेमिया नावाचा, मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यात राहणारा एक बारीक कोळंबीवजा जीव वापरतात. त्याची सुकी अंडी डब्यात भरून मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ घालून, ते सुमारे २७ अंशांवर ठेवून खालून हवेचे बुडबुडे सोडले, की दीड दिवसाच्या आत नारिंगी रंगाचे कणभर जीव वळवळू लागतात. दिवा एका बाजूला धरला की ते उजेडाकडे गोळा होतात. मग बारीक कापडावर गाळून घ्यायचे आणि गोड्या पाण्याने धुऊन, मीठ काढून, पिलांना द्यायचे. हे धुणे चुकवू नये. पिलू एका झडपेत एकेक टिपते. पाऊण तासाने पाहावे, तर पारदर्शक पोट नारिंगी झालेले दिसते. ज्याचे पोट नारिंगी तो जेवला. ज्याचे रिकामे त्याची चौकशी करायची. इतकी सरळ हजेरी कोणत्याही शाळेत लागत नसेल.

सुरुवातीला दिवसातून दोनदा तरी हे करावे लागते. आणि जेवण झाले की उष्टे काढावे लागते. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांतच मरतो, आणि मग आमच्या पहिल्या खेपेची पुनरावृत्ती होते. जलपिसू, ज्यांना डॅफ्निया म्हणतात, त्या गोड्या पाण्यातल्याच असल्याने उरल्या तरी जिवंत राहतात. त्या सोईच्या, मात्र पिलाच्या तोंडात मावतील इतक्या बारीक निवडाव्या लागतात.

आता पाण्याविषयी. पाळणारा माणूस खाण्याची काळजी फार करतो, पण पिलू जगते किंवा मरते ते पाण्यावर. त्याची कातडी पातळ, कल्ले उघडे. पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या रक्ताला जाऊन भिडते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला चालत नाही. साधे क्लोरीन असेल तर पाणी दिवसभर उघडे ठेवून ते उडून जाते. काही शहरांत क्लोरामाइन घालतात, ते तसे जात नाही, त्यासाठी वेगळे औषध घालावे लागते. पिलांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, म्हणून पाणी रोज बदलायचे, आणि नवे पाणी जुन्याइतकेच थंड हवे. गाळणयंत्र लावले तर ते पिलालाच ओढून घेते. तेव्हा उथळ भांडे, हातातली काचनळी आणि रोजची मेहनत, एवढेच साधन. पाण्याची उष्णता १६ ते २० अंशांच्या दरम्यान हवी. २४ अंशांच्या वर गेली की प्राणी कासावीस होतो. त्याला पापण्या नाहीत, म्हणून प्रखर उजेडही नको. आपण या मे महिन्याच्या संध्याकाळी पंख्याखाली बसून घाम पुसत आहोत, त्यावरून हा प्राणी घरी आणण्याचा मोह कोणाला झालाच तर तो आवरावा हे उघड आहे. शिवाय १९७५ पासून तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि २०२२ साली आपल्या वन्यजीव कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे अशा यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करणे भाग आहे.

पहिल्या दोन आठवड्यांच्या सुमारास पुढचे पाय फुटू लागतात, आणि मागचे त्यानंतर. बेडकाच्या पोराचे पाहाल तर आधी मागचे पाय दिसतात. पाय फुटू लागले की सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. आम्ही वर म्हटले, की पिलाला जे हलते ते अन्न. आता भावाचा पाय समोर हलू लागतो! त्याला भाऊ कळत नाही, हालचाल कळते. झडप घालते आणि पाय तोडून नेते. एके सकाळी आमच्या भांड्यांत तीन पायांची, दोन पायांची, कल्ले कुरतडलेली पिले दिसली, तेव्हा मन विटले. परंतु त्यात दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. दाटी आणि भूक या दोन गोष्टी पाहाव्यात. मोठी पिले एकीकडे, लहान दुसरीकडे अशी वरचेवर निवड करावी, भांड्यात गर्दी करू नये, पाणवनस्पतींची आडोशाची जागा द्यावी, आणि पोटे रिकामी राहू देऊ नयेत. एवढे केले की चावणे पुष्कळ कमी होते, आणि चार-पाच सेंटिमीटरचे झाल्यावर आणखी कमी होते.

आणि येथे या प्राण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट येते. दोन्ही पुढचे पाय गमावलेले एक पिलू आम्ही वेगळ्या वाटीत ठेवले होते. थोड्याच दिवसांत तुटल्या जागी बारीकसा कोंब आला. कोंब चपटा झाला, त्याला बोटांच्या खाचा पडल्या, आणि काही आठवड्यांत ते चारही पायांवर तळाशी चालू लागले. जखमेचा वणसुद्धा उरला नाही. पाय, शेपूट, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू, हृदयाचा काही भागसुद्धा हा प्राणी पुन्हा घडवतो. हे त्याला कसे साधते, हे समजून घेण्यासाठीच जगभर त्याला पाळतात. २०१८ साली त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२ अब्ज अक्षरे आहेत, म्हणजे माणसाच्या दहापट.

पुढचे थोडक्यात सांगतो. दोन-तीन सेंटिमीटरचे झाले, की पिलाला चिमट्याने किंवा काचनळीने तोंडापुढे हलवून चिरलेल्या अळ्या देता येतात. मग गांडुळाचे तुकडे. हळूहळू ते न हलणारे खाणेही ओळखू लागते. वर्षाच्या सुमारास ते वयात येते आणि नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षे जगते. म्हणून अंडी फुटण्याआधीच, ती अगदी कोवळी असतानाच, किती पिले आपल्याच्याने सांभाळवतील हे ठरवावे आणि बाकीची अंडी गोठवून नष्ट करावीत. हे कठोर वाटेल. परंतु ३०० पिले जन्माला घालून त्यांना दाटीत एकमेकांचे पाय खायला लावणे ही दया नव्हे. आणि नकोसे झालेले ॲक्सोलॉटल नदीनाल्यात सोडून देणे हा तर दुहेरी अपराध. त्या प्राण्याचा आणि त्या पाण्याचाही.

आमच्या ८० पिलांपैकी बहुतेक वाढली. दोन महिने रोज पाणी बदलताना, आर्टेमिया धुताना, उष्टे काढताना, निवड करताना एक विचार पुन्हा पुन्हा मनात येई. ही सगळी कामे शोचिमिल्कोच्या तळ्यात कोण करीत होते? कोणी नाही. म्हणजे तळेच करीत होते. तळाच्या झऱ्यांतून थंड, स्वच्छ पाणी अखंड येई. ते आमचे पाणी बदलणे. पाण्यात जलपिसवांचे थवेच्या थवे असत. ते आमचे जेवण वाढणे. उष्टे खाऊन टाकणारे शेकडो जीव तळाशी असत. वनस्पतींच्या मुळांच्या जाळ्यात एक पिलू दुसऱ्यापासून लपे. ती आमची निवड. माणसालाही तेथे मज्जाव नव्हता. तळ्यातला गाळ रचून आणि कडेने वाळुंजाची झाडे लावून तेथल्या शेतकऱ्यांनी चिनांपा नावाची शेते केली. त्यांच्यामधल्या कालव्यांतून हा प्राणी शतकानुशतके सुखाने नांदला.

मग काय झाले? स्पॅनिश अंमलात तळी उपसून कोरडी करण्यास आरंभ झाला आणि पुढे तो उद्योग चालूच राहिला. चाल्को तळे गेले. शोचिमिल्कोचे कालवे तेवढे उरले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथल्या झऱ्यांचे पाणी वाढत्या राजधानीला नेण्यात आले, आणि आता त्या कालव्यांत शहरातले सांडपाणी शुद्ध करून सोडतात. शिवाय लोकांना स्वस्त अन्न मिळावे या चांगल्या हेतूने तेथे कार्प आणि तिलापिया हे परके मासे सोडले. तिलापिया म्हणजे आपल्या उजनीच्या पाण्यात मिळते ती चिलापीच. तो मासा आपल्या देशातही १९५२ साली बाहेरूनच आणलेला. या माशांनी ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिले खाऊन टाकली. १९९८ च्या पाहणीत एका चौरस किलोमीटरमागे ६,००० च्या आसपास ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या पाहणीत ३६. २००६ पासून तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. २०२१ साली मेक्सिकोने ५० पेसोच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. नोटांवर तो लाखोंनी आहे, काचपेट्यांतही पुष्कळ आहे. स्वतःच्या घरी नाही. पुराणातला शोलोत्ल पाण्यात लपला तेव्हा त्याला निदान पाणी होते.

निराश होऊन मात्र चालणार नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी शोचिमिल्कोच्या शेतकऱ्यांबरोबर काही कालव्यांची तोंडे वनस्पती आणि दगडांच्या गाळण्यांनी बंद केली. परके मासे आत येत नाहीत, पाणी निवळते. बंदिवासात वाढलेले १८ ॲक्सोलॉटल अशा एका आश्रयस्थानात आणि एका कृत्रिम पाणथळ जागी सोडून त्यांचा मागोवा घेतला, त्याचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. लक्ष ठेवले त्या काळात ते जगले, शिकार करू लागले, आणि पुन्हा धरलेल्यांचे वजन वाढलेले आढळले. माणसाच्या हाताने वाढलेल्या पिलाला तळे ओळखता येते; तळे शिल्लक हवे, एवढेच.

आता आमच्या स्नेह्यांचे उत्तर. हे ऐकून गावाने काय करायचे? ॲक्सोलॉटल पाळायचा नाही. पण येत्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या डबक्याशी, तळ्याच्या काठाशी घटकाभर मुलांना घेऊन बसावे. तेथे बेडकांची पोरे वळवळत असतील. त्यांना रोज सकाळी कोण वाढते, उष्टे कोण काढते, पाणी कोण बदलते, हे मुलांना विचारावे. आम्ही ८० पिलांसाठी दोन महिने राबलो तेव्हा आम्हांला कळले, की एक धड तळे किती राबत असते. ते काम ते फुकट करते, म्हणून आपण त्याला मोकळी जागा समजतो, त्यात भराव टाकतो, आणि हाताशी लागेल तो मासा सोडतो. एकदा ते गेले, की तेच काम काचनळी घेऊन करायला माणसे पुरी पडत नाहीत.

पिलांचे संगोपन कसे करावे, असा विषय होता. आमचे उत्तर असे, की ज्याला पिले जगवायची आहेत त्याने पाणी जगवावे. बाकीचे पिले स्वतः करतात. तुटलेला पायसुद्धा ती स्वतःच उगवून घेतात. तळे मात्र तसे आपोआप उगवत नाही.